राजीनामा सर्वांत शेवटी: परदेशात राहून स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी

नोकरीत मन लागेनासे झाले की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात. कुठे राहायचे, कोणत्या देशाचा व्हिसा सोपा, तिथले हवामान कसे, याचा शोध रात्र रात्र चालतो आणि एखाद्या नकोशा दिवशी राजीनामा दिला जातो. काम कोणते करायचे, ते कोण देणार, त्याचे पैसे कोणत्या देशात आणि कोणत्या नावाखाली घ्यायचे, हे प्रश्न मात्र परक्या गावी पोहोचल्यावर समोर उभे राहतात. हा क्रम उलटा आहे. आधी काम जागेपासून मोकळे करावे, मग पैशाची बाजू भक्कम करावी, त्यानंतर देश निवडावा आणि या तिन्ही गोष्टी हातात आल्यावरच राजीनाम्याचे पत्र लिहावे, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः राजीनाम्याआधी १४ महिने तयारी केली होती आणि त्यांतला एकही महिना जास्तीचा होता असे मला आज वाटत नाही.

नेमके काय नकोसे झाले आहे

असमाधान हा एकच शब्द आपण अनेक निरनिराळ्या दुखण्यांना लावतो, म्हणून ते दुखणे आधी ओळखावे. तीन आठवडे रोज काम संपल्यावर चार ओळी लिहून ठेवाव्यात: आज कोणता तास कधी सरला ते कळले नाही आणि कोणता तास सरता सरेना. या नोंदी एकत्र वाचल्या की तक्रार कामाच्या स्वरूपाबद्दल आहे, वरिष्ठांबद्दल आहे की रोजच्या प्रवासाबद्दल आणि ठरावीक वेळांबद्दल आहे, हे बरेचसे स्पष्ट होते. काम आवडते पण कार्यालय नको, असे आढळले तर सध्याच्याच कंपनीकडे रिमोट कामाची मागणी करणे हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग ठरतो. कामाचाच कंटाळा असेल, तर तेच काम दुसऱ्या देशात नेल्याने फार तर पहिले काही महिने बरे वाटेल. अशा वेळी आधी काम बदलण्याची तयारी करावी आणि देश बदलण्याचा विचार त्यानंतर.

कंपनीकडून मुभा मागताना एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. घरून काम करण्याची परवानगी म्हणजे दुसऱ्या देशातून काम करण्याची परवानगी नव्हे. कर्मचारी परदेशात दीर्घकाळ बसून काम करू लागला, की त्या देशाच्या नियमांनुसार कंपनीवर पगारातून कर कापण्याची आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरण्याची जबाबदारी येऊ शकते. कर्मचाऱ्याचे काम विशिष्ट स्वरूपाचे असेल, उदाहरणार्थ तो कंपनीच्या वतीने नियमितपणे करार ठरवत असेल, तर कंपनीचे तिथे ‘स्थायी आस्थापन’, म्हणजे कायमचे व्यवसायाचे ठिकाण, आहे असे मानून नफ्यातला वाटाही कराच्या रूपाने मागितला जाऊ शकतो. अनेक कंपन्या वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरतीच परदेशातून काम करू देतात, त्यामागे हे कारण असते. परवानगी लेखी घ्यावी आणि तीत देशाचे नाव व दिवसांची संख्या असावी. न सांगता परदेशात जाऊन काम करत राहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. लॉगिनच्या नोंदींवरून ते कधी ना कधी उघड होते आणि तेव्हा नोकरी आणि शिफारसपत्र दोन्ही एकदम हातचे जातात.

काम जागेपासून मोकळे करणे

सगळ्यांत जास्त वेळ आणि कष्ट या टप्प्याला द्यावे लागतात. पूर्णपणे नवे कौशल्य शिकून त्यावर परदेशात पोट भरण्याचा बेत ऐकायला उमेदीचा वाटतो, पण नवशिक्याचा दर आणि अनुभवी माणसाचा खर्च यांचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून आज जे येते त्यातूनच सुरुवात करावी. आपल्या कामाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारावेत: हे काम फाइलच्या किंवा कॉलच्या रूपाने पोहोचवता येते का, त्याचा दर्जा मी समोर नसतानाही ग्राहकाला पारखता येतो का, आणि ते करायला एखाद्या विशिष्ट देशाचा परवाना लागतो का. लेखापाल लेखापरीक्षण अहवालावर सही करू शकेल की नाही हे परवान्यावर अवलंबून असते, पण छोट्या व्यवसायांची मासिक हिशेबपुस्तके तो कुठूनही लिहू शकतो. स्थापत्य अभियंत्याला बांधकामावर हजर राहावे लागते, मात्र नकाशे तयार करणे आणि साहित्याचे परिमाण काढून देणे ही कामे संगणकावर होतात. परिचारिकेचे रुग्णाजवळचे काम हलवता येत नाही, तरी वैद्यकीय मजकूर तपासण्याचे किंवा मेडिकल कोडिंगचे, म्हणजे आजार आणि उपचारांच्या नोंदींना ठरावीक संकेतांक देण्याचे, काम तिच्या ज्ञानावरच उभे राहते. भाषांतर, संपादन, सॉफ्टवेअर, डिझाइन, ऑनलाइन शिकवणी ही क्षेत्रे तर सर्वांच्या परिचयाची आहेतच, आणि तिथे स्पर्धाही तेवढीच आहे.

पहिला ग्राहक नोकरीत असतानाच मिळवावा. त्याआधी आपला नोकरीचा करार बाहेर काढून शब्द न् शब्द वाचावा: बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, नोकरीच्या काळात केलेल्या निर्मितीचे हक्क कोणाचे, सोडल्यावर किती काळ स्पर्धकांसाठी काम करता येत नाही, आणि कंपनीच्या ग्राहकांशी संपर्क साधण्यावर बंदी आहे का. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचे सॉफ्टवेअर आणि कंपनीचा वेळ या तिन्हींना बाहेरच्या कामाचा स्पर्शही होऊ देऊ नये. ग्राहक शोधण्यासाठी अनोळखी लोकांना शेकडो पत्रे पाठवण्यापेक्षा ज्यांनी आपले काम प्रत्यक्ष पाहिले आहे अशा जुन्या सहकाऱ्यांना आणि आता इतरत्र गेलेल्या वरिष्ठांना एक साधे, नेमके पत्र लिहावे, कारण परक्या देशातल्या माणसाला काम देताना ग्राहकाला सर्वांत जास्त भीती वाटते ती माणूस मध्येच गायब होण्याची, आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दाने ती भीती कमी होते.

दर ठरवताना जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. पगाराला तासांनी भागून आलेला आकडा हा आपला दर नव्हे. नोकरीत वर्षाचे ५२ आठवडे, दर आठवड्याला ४० तास, म्हणजे २,०८० तासांचे पैसे मिळतात. त्यांत सुट्ट्या आणि आजारपणही येते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचे वर्षातले ४४ आठवडे हाती लागतात असे धरले, आणि नवे ग्राहक शोधणे, हिशेब, पत्रव्यवहार, शिकणे वजा जाता आठवड्याला २२ तासांचेच बिल करता येते असे मानले, तर ९६८ तास उरतात. म्हणजे जुन्याच उत्पन्नाइतके मिळवायलासुद्धा तासाचा दर दुपटीहून अधिक हवा, आणि विमा, निवृत्तीची बचत, साधने यांचा खर्च, जो पूर्वी पूर्णतः किंवा अंशतः कंपनी उचलत होती, तो अजून त्यात धरलेलाच नाही. हा हिशेब कागदावर स्वतःच्या आकड्यांनी मांडून पाहावा, म्हणजे स्वस्तात काम घेण्याचा मोह होत नाही.

प्रत्येक कामाचा लेखी करार असावा. त्यात कामाची व्याप्ती, किती फेऱ्यांपर्यंत दुरुस्त्या मोफत, कोणत्या चलनात आणि बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे, उशीर झाल्यास काय आणि बँकेचे शुल्क कोण भरणार, एवढे तरी स्पष्ट लिहिलेले असावे. माझ्या पहिल्या मोठ्या ग्राहकाने तीन महिने बिल थकवले होते, आणि करारात मुदतीचे कलमच नसल्याने माझ्या हाती विनंतीखेरीज काही उरले नव्हते. तेव्हापासून नव्या ग्राहकाकडून मी एकतृतीयांश रक्कम आगाऊ घेतो आणि मोठे काम टप्प्यांत विभागतो. दुसरी खबरदारी अशी, की एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त वाटा एकाच ग्राहकावर अवलंबून राहू देऊ नये. सगळे उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत असेल, तर काही देशांत कायदा त्या नात्याकडे नोकरी म्हणूनच पाहतो, आणि ग्राहक गेला की सगळेच जाते.

वेळेच्या फरकाचा अंदाजही याच काळात घ्यावा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा लिस्बनमध्ये दुपारचे २ आणि टॅलिनमध्ये ४ वाजलेले असतात, तर बँकॉकमध्ये हिवाळ्यात रात्रीचे ९ आणि उन्हाळ्यात ८. अमेरिकन ग्राहकांबरोबर रोज बैठका असणाऱ्याने आशियात राहायचे ठरवले, तर संध्याकाळी कामाला बसण्याची तयारी ठेवावी लागते. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा फरक एका तासाने बदलतो. या एका तासापायी बैठका हुकतात. सुट्टीत चार दिवस त्या दूरच्या वेळेनुसार जागून काम करून पाहावे, म्हणजे आपल्या झोपेला ते झेपते का हे कळते.

पैसा

तीन रकमा वेगवेगळ्या ठेवाव्यात. पहिली, किमान सहा महिन्यांचा पूर्ण खर्च. दुसरी, स्थलांतराचा एकरकमी खर्च: व्हिसाचे शुल्क, कागदपत्रांची भाषांतरे, विमा, तिकीट, घराची अनामत. तिसरी, परत येण्याची रक्कम, जिला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. ही तिसरी रक्कम मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण परतीचा रस्ता मोकळा आहे हे ठाऊक असलेला माणूस ग्राहकाशी बोलताना दबत नाही आणि घाईने वाईट करार स्वीकारत नाही. राजीनामा कधी द्यावा याची माझी कसोटी साधी आहे: बाहेरच्या कामाच्या उत्पन्नातून सलग तीन महिने, कर वजा करून, जिथे जायचे आहे तिथला मूलभूत खर्च भागला पाहिजे. एक चांगला महिना हा पुरावा होऊ शकत नाही.

देश आणि व्हिसा

पर्यटक व्हिसावर जाऊन लॅपटॉपवर काम केले तर कोणाला कळते, हा विचार धोक्याचा आहे. पुष्कळ देशांत पर्यटक म्हणून आलेल्याला काम करण्याचा अधिकार नसतो, काही देशांचे कायदे परदेशी ग्राहकांसाठी केलेल्या कामाबद्दल संदिग्ध आहेत, आणि प्रवेश नाकारला गेल्यास ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटते. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, अल्प मुक्कामाची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस एवढी आहे आणि ती सगळ्या सदस्य देशांत मिळून मोजली जाते. एका देशातून शेजारच्या देशात गेल्याने ती नव्याने सुरू होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे मोजदादीतली चूक आता नजरेतून सुटणार नाही.

सुदैवाने गेल्या काही वर्षांत रिमोट काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसे निघाले आहेत. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये १२ महिन्यांचा वेलकम स्टॅम्प सुरू केला आणि त्यासाठी वार्षिक ५०,००० अमेरिकन डॉलर उत्पन्नाची अट घातली. एस्टोनियाने १ ऑगस्ट २०२० पासून डिजिटल नोमॅड व्हिसा दिला; त्याची मासिक उत्पन्नाची अट सुरुवातीला ३,५०४ युरो होती, ती पुढे ४,५०० पर्यंत वाढवली गेली. पोर्तुगालचा डी-८ व्हिसा ३० ऑक्टोबर २०२२ पासून मिळू लागला आणि त्याची अट तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्नाची आहे, म्हणून २०२४ मध्ये किमान वेतन ८२० युरो असताना ती ३,२८० युरो होती आणि २०२५ मध्ये वेतन ८७० झाल्यावर ३,४८० झाली. थायलंडच्या जुलै २०२४ मध्ये आलेल्या डीटीव्ही व्हिसाची मुदत पाच वर्षांची, प्रत्येक मुक्काम १८० दिवसांपर्यंतचा, आणि त्यासाठी ५,००,००० बाहत एवढी रक्कम दाखवावी लागते. जपानने मार्च २०२४ अखेर असाच व्हिसा आणला, परंतु तो सहा महिन्यांचा असून वाढवून मिळत नाही, वार्षिक एक कोटी येन उत्पन्नाची अट आहे आणि ठरावीक देशांच्या नागरिकांनाच तो खुला आहे. अशा अटी बदलत राहतात. म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाचे अधिकृत पान वाचूनच आकडा पक्का करावा आणि तोवर कोणत्याही मार्गदर्शकातला आकडा, याही लेखातला, अंदाजापुरताच धरावा.

उत्पन्नाच्या आकड्यापलीकडच्या अटी जास्त अडवतात. स्पेनचे उदाहरण घ्यावे. तिथे किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न तर हवेच, शिवाय ज्या कंपनीसाठी काम करता ती किमान एक वर्षापासून चालू असावी लागते, तिच्याशी किमान तीन महिन्यांचे कामाचे नाते दाखवावे लागते, पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि स्वतंत्र व्यावसायिकाला स्पेनमधल्या ग्राहकांकडून एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच काम घेता येते. आधी राजीनामा देऊन मग ग्राहक शोधणाऱ्याला हा व्हिसा लगेच मिळणारच नाही. राजीनामा शेवटी ठेवा असे मी सांगतो, त्याचे एक अगदी व्यावहारिक कारण हे आहे. देश निवडताना म्हणूनच आपल्या उत्पन्नाचे स्वरूप, कुटुंबीयांना सोबत नेण्याची तरतूद, मुदतवाढीची शक्यता आणि वेळेचा फरक या चार गोष्टी आधी तपासाव्यात, समुद्रकिनारा त्यानंतर.

कर

रिमोट काम करणाऱ्यांत १८३ दिवसांचा एक समज फार पसरलेला आहे: कुठल्याही देशात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिले की कुठेच कर लागत नाही. असे नसते. अनेक देशांत दिवसांची ही मर्यादा करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने त्या देशाचा रहिवासी, ठरवण्याची एक कसोटी आहे, एकमेव नव्हे. कायमचे घर, कुटुंब आणि आर्थिक हितसंबंध कुठे आहेत, हेही पाहिले जाते. थायलंडमध्ये तर वर्षात १८० दिवस झाले की माणूस करनिवासी होतो, आणि तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नाबाबतचा नियम १ जानेवारी २०२४ पासून कडक झाला आहे. दोन देशांनी एकाच वेळी आपल्याला करनिवासी मानले, तर त्यांच्यातला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार कामी येतो; बहुतेक करारांत आधी कायमचे घर, मग जीवनातल्या हितसंबंधांचे केंद्र, मग नेहमीचा मुक्काम आणि त्यानंतर नागरिकत्व, या क्रमाने निर्णय होतो. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते कुठेही राहत असले तरी कर लावते, त्यामुळे त्या पासपोर्टधारकांचा हिशेब निराळा असतो.

एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीबद्दलही असाच गैरसमज आढळतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेमुळे परदेशी माणसाला एस्टोनियात ऑनलाइन कंपनी काढून चालवता येते. त्या ओळखपत्राने तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही आणि आपण जिथे प्रत्यक्ष राहतो तिथला करही चुकत नाही.

मूळ देश सोडताना तिथले करनिवासीपण कधी संपते, त्यासाठी कोणता अर्ज करावा लागतो आणि शेवटचे विवरणपत्र कोणते, हे निघण्यापूर्वी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराकडून लेखी घ्यावे. सगळ्या तयारीत एका ठिकाणी हात आखडता घेऊ नये असे मला वाटते, ते ठिकाण हे.

कागदपत्रे, बँक आणि विमा

पदवी, जन्म आणि विवाहाचे दाखले, पोलिसांचा चारित्र्य दाखला ही कागदपत्रे आधीच जमवावीत. १९६१ च्या हेग कराराचे सदस्य असलेल्या देशांत अशा कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे कागदावरचा सही-शिक्का खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, चालते. त्यावर अधिकृत भाषांतराची अट असू शकते. चारित्र्य दाखला मात्र फार आधी काढू नये, कारण तो बहुधा काही महिन्यांतच जुना ठरतो. मूळ देशातल्या बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात ते सिमकार्ड परदेशात चालू राहील याची खात्री करावी. हा क्रमांक बंद पडल्याने स्वतःच्याच खात्याला मुकलेले लोक मी पाहिले आहेत. घर, बँक आणि सरकारी कामांसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करून ठेवावे. विम्याच्या बाबतीत प्रवास विमा आणि आरोग्य विमा यांत गल्लत करू नये: पहिला अचानक उद्भवलेल्या संकटापुरता असतो, आणि दीर्घ उपचार, जुने आजार किंवा बाळंतपण यांचा खर्च तो सहसा देत नाही.

राजीनामा आणि पहिले आठवडे

व्हिसा मंजूर झाल्यावर, किंवा व्हिसासाठी नोकरी आधी सोडणे भाग असेल तर किमान दोन ग्राहकांचे सही झालेले करार हातात आल्यावर, राजीनामा द्यावा. नोटिशीचा काळ पूर्ण करावा, हाती असलेले काम नीट लिहून सुपूर्द करावे, आणि अनुभवाचे पत्र, पगाराच्या पावत्या, निवृत्ती निधीची कागदपत्रे त्याच काळात मिळवावीत, कारण परदेशातून हीच कागदपत्रे मागवायला महिने जातात. जुनी कंपनी पहिल्या वर्षात ग्राहक म्हणून परत आल्याची उदाहरणे कमी नाहीत. मात्र कंपनीच्याच कामासाठी असा करार करताना कराराच्या आणि कराच्या दोन्ही बाजू तपासाव्यात.

पोहोचल्यावर पहिले घर महिन्याभरापुरतेच घ्यावे आणि वर्षाचा करार जागा डोळ्यांनी पाहिल्यावर करावा. घर पाहताना इंटरनेटचा वेग घरमालकाच्या शब्दावर न सोडता स्वतः मोजावा, तोही संध्याकाळी, आणि अपलोडचा आकडा आवर्जून पाहावा. व्हिडिओ कॉल तुटतात ते बहुधा त्यामुळे. फोनच्या डेटावर चालणारी दुसरी जोडणी पहिल्याच दिवशी तयार ठेवावी. पहिल्या महिन्यात नेहमीच्या दोनतृतीयांशच काम स्वीकारावे, कारण पत्ता नोंदवणे, निवास परवाना, बँक खाते यांत दिवसच्या दिवस जातात. याच महिन्यात एक वही किंवा तक्ता सुरू करावा आणि त्यात प्रत्येक प्रवेशाची व निर्गमनाची तारीख, व्हिसाची मुदत, मुदतवाढीचा अर्ज करण्याचा पहिला दिवस, विम्याचे नूतनीकरण आणि दोन्ही देशांच्या करविवरणाच्या तारखा लिहाव्यात. तिकिटे आणि भाडेपावत्या त्याच तक्त्याबरोबर जपून ठेवाव्यात, कारण कर अधिकाऱ्याने पुढे कधी विचारले, की आपण त्या दिवशी कुठे होतो हे त्यांवरूनच दाखवता येते.